ताकाची जन्मवेळ

खांबेट्यांच्या घरी वाइनचे ग्लास नव्हते, म्हणून या प्रकरणात माझ्या ग्लासांचाही शिरकाव झाला. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत उंच दांडीचे काचेचे ग्लास फक्त माझ्याकडे आहेत. आमच्या ह्यांना निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेले. ते गेल्यापासून मी त्यांत कधीमधी जेली लावते, बाकी ते कपाटातच असतात.

श्रीनिवास खांबेटे माझ्या समोरच्या दारात राहतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, अंगकाठी शिडशिडीत, घरातसुद्धा पायात मोजे. जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी नारायण पेठेत वधूवर सूचक मंडळ चालवलं. मंडळ म्हणजे एक खोली, दोन बाकं, पंचांगांचं कपाट आणि दारावर पाटी: ‘येथे पत्रिका जुळतात. मने जुळवायची असल्यास सारसबाग जवळ आहे.’ लोक पाटी वाचून हसत आणि आत गेल्यावर हसू आवरत, कारण खांबेटे स्वतः हसत नसत. त्यांच्या मते लग्न हा दोन जन्मवेळांचा व्यवहार होता, माणसं नुसती साक्षीला हजर असत.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, स्पृहाचं, लग्न त्यांनी स्वतःच जुळवलं. छत्तीसपैकी तेहतीस गुण. मंडळात येईल त्याला ते ती जोडी नमुना म्हणून दाखवत. जावई तर इतका गोड की आमटी खारट झाली तरी ‘छान’ म्हणायचा, दिवे गेले तरी ‘छान’ म्हणायचा. पाच वर्षांनी स्पृहा दोन सुटकेस आणि मिक्सर घेऊन परत आली. काय झालं ते तिनं आईला सांगितलं, आईनं मला सांगितलं, आणि मी ते इथे लिहिणार नाही. चारचौघांत सगळ्याला छान म्हणणारा माणूस दार लावल्यावर काय म्हणतो ते पत्रिकेत दिसत नाही, एवढं पुरे. खांबेट्यांनी मंडळ बंद केलं. कुणी विचारलं की सांगत, “मोबाइलनं धंदा बसवला.”

मग यंदाच्या उन्हाळ्यात स्पृहानं धम्मदीप ओव्हाळला घरी आणलं. दोघं हिंजवडीला एकाच कंपनीत. रोज एकाच बसमध्ये दीड-दीड तास अडकून पडत, त्यातून ओळख वाढली. विवाह नोंदणी कार्यालयात नोटीससुद्धा देऊन झाली होती. महिनाभराची मुदत आणि नंतर सह्या. तीन साक्षीदार लागतात. एक धम्मदीपची आई, दुसरी मी.

“तिसरी जागा बाबांची,” स्पृहानं मला सांगितलं. “आले तर आले, मावशी. नाही आले तर ऑफिसातली सलोनी करेल सही. पण मग मी या घरात पाहुण्यासारखी येईन. चहा घ्यायचा आणि निघायचं.”

हेच तिनं वडिलांनाही सांगितलं होतं, आणि वर एक अट घातली होती: धम्मदीपला जन्मवेळ विचारायची नाही. एकदासुद्धा नाही.

खांबेट्यांना जातीची अडचण नव्हती असं मी म्हणणार नाही, पण ती आठवडाभरात मागे पडली. ठाण्याहून त्यांच्या मोठ्या भावाचा फोन आला, “अरे, मुलगा कुणापैकी, चौकशी केलीस का?” तेव्हा खांबेटे खेकसले, “दादा, ते मला पहिल्या दिवशीच कळलं. त्याची रास कळत नाहीये, ती सांगता येत असेल तर बोल.” पलीकडून फोन बंद झाला.

पहिल्या भेटीला मी होते. धम्मदीप साधा, उंच, जरा वाकून चालणारा मुलगा. सुहासिनीनं, म्हणजे सौ. खांबेट्यांनी, पोहे केले होते. खांबेटे समोर बसून त्याच्या कपाळाकडे टक लावून पाहत होते, तिथं काही लिहिलेलं सापडेल म्हणून.

“आपण कंपनीत असता ते कळलं,” ते म्हणाले. “त्याखेरीज?”

“सुट्टीच्या दिवशी मी वाइन आणि चित्रपट जुळवतो, काका. ऑफिसातले दहा-बारा जण जमतात. एक चित्रपट लावायचा आणि त्याच्याशी जाणारी वाइन द्यायची.”

सुहासिनीनं पोह्यांवर खोबरं घालता घालता हात थांबवला. वाइन या शब्दानं खांबेटे उठून आत जातील असं तिला वाटलं असावं. मलाही. पण त्यांचे कान दुसऱ्याच शब्दाला टवकारले होते.

“जुळवता? कशाच्या आधारावर?”

“जिभेच्या. संथ चित्रपट असेल तर थंडगार पांढरी वाइन, म्हणजे झोप येत नाही. रडवणारा असेल तर थोडी गोडसर लाल. मारामारीला वाइन फुकट जाते, तिथं बिअर बरी.”

“जिभेच्या!” खांबेटे माझ्याकडे वळले. “ऐकलंत वहिनी? जिभेच्या आधारावर जुळवतात.” विळीनं अपेंडिक्स काढणाऱ्या माणसाबद्दल एखाद्या सर्जननं बोलावं, तसा त्यांचा सूर होता. “आणि टिकतात का या जोड्या?”

“दोन-अडीच तास टिकतात, काका. तेवढंच हवं असतं.”

त्या रात्री खांबेट्यांच्या खोलीतला दिवा बराच वेळ चालू होता, आणि सकाळी ते बंद कपाटातली पंचांगं झटकत बसलेले दिसले. सुहासिनीला वाटलं, चला, राग गेला. राग गेलाच होता. त्याच्या जागी जे आलं होतं ते जास्त कठीण होतं.

ज्याची जन्मवेळ हरवली आहे त्याची पत्रिका इतर खुणांवरून मांडायची एक जुनी विद्या आहे. तिला नष्टजातक म्हणतात. खांबेट्यांनी तिची स्वतःची आवृत्ती काढली. “असं बघा वहिनी,” त्यांनी मला जिन्यात गाठून समजावलं, “प्रत्येक चित्रपटाला जन्मवेळ असते. मुहूर्ताच्या नारळाला गर्भ राहतो आणि पहिल्या खेळाला जन्म होतो. प्रत्येक पेयालाही जन्मवेळ असते. दोघांच्या पत्रिका मांडायच्या, गुण जुळवायचे आणि ती जोडी मुलासमोर ठेवायची. त्याला कुठली मानवते ते पाहायचं. कुलूप दिसत नसलं तरी कुठली किल्ली लागते यावरून कुलूप ओळखता येतं की नाही?”

“येतं,” मी म्हटलं. हातात भाजी होती, आणि नाही म्हटलं असतं तर तासभर उभं राहावं लागलं असतं.

“आणि मी त्याला एका शब्दानं काही विचारत नाही. अट मोडत नाही.”

पहिल्या रविवारी ताक. सुहासिनी रवी फिरवत होती आणि हे घड्याळ घेऊन शेजारी उभे.

“झालं का?”

“लोणी यायचंय अजून.”

“पण ताक झालं का? दही संपून ताक नेमकं कधी झालं ते सांग.”

“अहो, मी चाळीस वर्षं ताक करते आहे, ते कधी झालं ते मला कुणी विचारलेलं नाही.”

“म्हणूनच घराला ही कळा आली.”

“ही काही बाळंतखोली नाही. सरका, अंगावर उडेल.”

शेवटी लोण्याचा गोळा वर आला तो क्षण त्यांनी जन्म धरला. त्या ताकाशी एक जुना कृष्णधवल मराठी चित्रपट जुळला. त्यात विधवा आई शिलाई मशीनवर बसून मुलाला शिकवते आणि मुलगा मोठा झाल्यावर तिला ओळखत नाही. अठ्ठावीस गुण. खांबेट्यांना चिंता फक्त एकाच गोष्टीची होती: दोघांची नाडी एक आली होती.

“एक नाडी असली तर संतती होत नाही म्हणे,” सुहासिनी मला म्हणाली. “चित्रपटाला आणि ताकाला मुलं कशाला हवीत, हे तुम्ही विचारा. मी विचारलं तर भांडण होईल.”

सोफ्यावर धम्मदीप मध्ये, एका बाजूला स्पृहा, दुसऱ्या बाजूला मी. खांबेटे टीव्हीकडे पाठ करून त्याच्याकडे तोंड करून बसले. चित्रपट संपल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “कसं काय वाटलं?”

“छान होतं, काका.”

खांबेट्यांनी मान डोलावली आणि आत जाऊन कर्क रास लिहिली.

पुढच्या रविवारी कैरीचं पन्हं आणि मारामारीचा एक हिंदी चित्रपट. दोघांनाही कडक मंगळ, म्हणून जोडी उत्तम. नायकानं ट्रक उचलला तेव्हा मला ठसका लागला. धम्मदीप म्हणाला, “छान.” खांबेट्यांनी मेष लिहिली. त्याच्या पुढच्या रविवारी सोलकढी आणि कुठल्याशा थंड देशातला भुताचा चित्रपट, कारण सोलकढी देवगणी निघाली आणि भूत, त्यांच्या गणितानं, मनुष्यगणी. पुन्हा “छान.” पुन्हा नवी रास.

खांबेटे माझ्याकडे आले. बसलेसुद्धा नाहीत.

“वहिनी, हा मुलगा निदान तीनदा जन्मला आहे.”

“त्याच्या आईला विचारा ना. मुलाला विचारायची बंदी आहे, आईला विचारायची नाही.”

“सुहासिनीनं विचारलं. फोन केला. हिराबाई म्हणाल्या, वस्तीतली लाइट गेली होती, घड्याळ कुणी पाहिलं? आणि पाहिलं असतं तरी लिहिलं नसतं. त्यांच्या सासऱ्यांनी छप्पन साली जे जे सोडलं, त्यात पत्रिकाही सोडली. म्हणाल्या, ताई, तेव्हापासून आमच्याकडे मुलं जन्मली की पेढे वाटतात, एवढंच.” मग आवाज एकदम खाली गेला. “तोसुद्धा सगळ्याला छानच म्हणायचा, वहिनी.”

‘तो’ कोण हे सांगायची गरज नव्हती. राशी-बिशी ठीक, पण हे माणूस रात्री जागत होतं ते कशासाठी, ते मला तेव्हा कळलं. मुलगा चांगला की वाईट हे त्यांना ठाऊक करून घ्यायचं होतं आणि त्यासाठी जगात एकच हत्यार त्यांच्या हाती होतं. त्या हत्यारानं एकदा त्यांचाच हात कापला होता. दुसरं कुठलं त्यांना वापरता येत नव्हतं.

“आता वाइनच लावली पाहिजे,” ते म्हणाले. “मुलाचं मूळ पेय ते. तिथं खोटं बोलणार नाही. इंग्रजी लेबलं वाचायला तुम्ही चला.”

अशा रीतीनं वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी वाइनच्या दुकानात गेले. माझ्या शाळेतल्या नन्सनी आमच्याकडून इंग्रजी उच्चार घोटून घेतले ते या कामी येतील, असं त्यांच्या ध्यानीमनी नसणार. खांबेटे टोपी घालून, कापडी पिशवी घेऊन पुढे. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, “बोला आजोबा.”

“जन्मतारीख दाखवा.”

“तुमची? तुम्हाला काय गरज आहे!”

“माझी नाही. हिची.” त्यांनी मागच्या बाटलीकडे बोट केलं. “आणि तिची. ती आडवी झोपली आहे तिचीसुद्धा.”

“आजोबा, वाइनला एक्सपायरी नसते.”

“मरण कोण विचारतंय? जन्म सांगा.”

मी एकेक लेबल वाचत गेले, ते चिठोऱ्यावर ग्रह मांडत गेले. आमच्या मागे संध्याकाळची रांग लागली. एकानं विचारलं, “काका, हातभट्टीची पण बघता का?” खांबेटे मान वर न करता म्हणाले, “तिला आईबाप नसतात.” शेवटी नाशिककडची एक लाल वाइन पसंत पडली. दुकानदारानं रिवाजाप्रमाणे एका दिवसाचा पिण्याचा परवाना फाडला. खांबेट्यांनी तो परत दिला. “तारीख घातलीत, वेळ राहिली. वेळही घाला.” त्यानं मुकाट्यानं वेळ घातली. रांग फार लांब झाली होती.

त्या वाइनशी जुळला तो नॉर्वेचा एक चित्रपट. दीपगृहाचा रखवालदार दोन तास कुणाशी बोलत नाही आणि शेवटी एका बोकडाशी बोलतो. चौतीस गुण. “स्पृहाच्याहून एक जास्त,” खांबेटे मला म्हणाले आणि लगेच चिठोऱ्याची घडी घातली.

रविवारच्या आधी गुरुवारी गुरुपुष्यामृत होतं. कुठलीही चांगली गोष्ट सुरू करायला त्याहून उत्तम दिवस नाही, म्हणून त्यांनी बाटली गुरुवारीच उघडली. बूच काढायचं हत्यार घरात नव्हतं, तेव्हा ते लाटण्याच्या टोकानं आत ढकललं. बूच आत पोहत राहिलं आणि बाटली उघडीच राहिली. मग त्यांनी सगळी वाइन पाण्याच्या तांब्याच्या भांड्यात ओतली, वर फुलपात्र पालथं घातलं आणि ते भांडं आपल्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीत ठेवलं. मे महिन्यात. तीन दिवस. सुहासिनी तीन दिवस भांडं शोधत होती, आणि हे तिच्याबरोबर शोधत होते.

रविवारी माझे ग्लास पुसून मांडले. खांबेट्यांनी आतून वाइन पाण्याच्या जगमध्ये ओतून आणली आणि समसमान भरली. स्वतःसाठी चमचाभर घेतली, कारण जोडी लागताना जुळवणाऱ्यानं हजर असावं. दीपगृह दिसलं. समुद्र दिसला. आम्ही ग्लास तोंडाला लावले.

मला वाटलं मी जुनी पैशाची नाणी चोखते आहे. मी चांगल्या शाळेत शिकले आहे, मी गिळलं. सुहासिनीनं पदर तोंडाला लावला. स्पृहानं ग्लास खाली ठेवला आणि धम्मदीपकडे पाहिलं. खांबेटेही त्याच्याकडेच पाहत होते. पडद्यावर रखवालदार जिना चढत होता, आणि तो जिना संपत नव्हता.

“काका,” धम्मदीप म्हणाला, “हे वाईट आहे.”



“वाईट?” खांबेटे म्हणाले. “चौतीस गुण जुळतात.”

“जुळत असतील. पण मी दुसरा घोट घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. पोटाला त्रास होईल. कशात ठेवली होती?”

सुहासिनीनं ग्लास नाकाशी नेला. “अगं बाई, हे कळकलंय! तांब्यात आंबट ठेवलंत? माझ्या भांड्यात? सात वर्षांच्या पोरीला विचारा, तांब्या-पितळेत आंबट ठेवतात का म्हणून!”

“गुरुपुष्य होतं,” खांबेटे म्हणाले.

“गुरुपुष्याला कल्हई करून आणायची होती!”

खांबेट्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते खुर्ची ओढत धम्मदीपच्या अगदी गुडघ्याशी आले होते.

“आणि चित्रपट?”

धम्मदीपनं स्पृहाकडे पाहिलं. ती काही मदत करेना.

“चित्रपटही वाईट आहे, काका. मी पूर्वी पाहिलाय तो. त्याच्याबरोबर कुठलीच वाइन जाणार नाही. बोकड येईपर्यंत तरी.”

“मग इतके दिवस छान म्हणत होता ते? ताक?”

“ताक खरंच छान होतं.”

“आणि ती शिलाईवाली?”

“मी झोपलो होतो,” धम्मदीप म्हणाला. “पन्हंही छान होतं. तो ट्रकवाला मला आवडतच नाही, पण काकूंनी एवढ्या कैऱ्या उकडल्या होत्या. सोलकढी जरा पातळ होती.”

“पातळ होतीच,” सुहासिनी म्हणाली. “नारळ जून निघाला. मी तेव्हाच म्हटलं.”

खांबेट्यांनी आपला चमचा उचलला, त्यातली वाइन चाखली आणि तोंड इतकं वाकडं केलं की मी या माणसाला चाळीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. “थू! वाईट आहे,” ते म्हणाले. “चौतीस गुण आणि इतकं वाईट.” आणि ते हसायला लागले. आधी नाकातून, मग सगळे मोजे-बिजे हलवत. स्पृहा घाबरून उठली. तिला वाटलं, वाइन लागली.

“बाबा, पाणी देऊ?”

“पाणी नको. टीव्ही बंद कर त्या मेल्याचा, चढू दे त्याला जिना.” त्यांनी डोळे पुसले. “धम्मदीप, आपल्याला चहा करता येतो?”

“येतो, काका. पण मी गूळ घालून करतो.”

“मला गुळाचा आवडत नाही.”

“मग तुमच्यापुरता साखरेचा करतो.”

धम्मदीप स्वयंपाकघरात गेला. सुहासिनी त्याच्यामागे गेली, कारण आल्याची किसणी कुठं आहे ते तिच्याखेरीज कुणाला सापडत नाही. आतून तिचा आवाज येत होता: “दूध आधी नको, उतू जातं ते पातेलं.” आणि त्याचा: “मग पातेलं बदलू या, काकू.” मी माझे ग्लास एकात एक न घालता, दोन खेपांत, मोरीत नेऊन ठेवले.

खांबेटे आणि स्पृहा बाहेर दोघंच उरले होते. बाहेर येताना मला ऐकू आलं.

“शुक्रवारी किती वाजता आहे ते कार्यालयात?”

“अकराची वेळ दिली आहे,” स्पृहा म्हणाली. त्या घरात वाढलेली मुलगी, शुक्रवारी साडेदहा ते बारा राहूकाळ असतो हे तिला झोपेतसुद्धा ठाऊक. “बदलून मिळणार नाही, बाबा.”

“बदलायला कोण सांगतंय?” खांबेटे म्हणाले. “अकराला पोचायचं तर इथून सव्वादहाला निघावं लागेल. रिक्षावाले त्या वेळी थांबत नाहीत. आणि वहिनींना आधी सांगून ठेव, त्यांना चपला घालायला वेळ लागतो.”